कुजका वाख

पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहायला अजून दोन-तीन वर्षं अवकाश होता. रहाटणी तेव्हा पवनेकाठचं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. गावाला जाग यायची ती मोटांच्या आवाजानं. चाकं कुरकुरायची, थारोळ्यात पाणी धबाधबा पडायचं, आणि या सगळ्यावरून भैरूचा गळा ऐकू यायचा. भैरू यशवंतराव पाटलाचा गडी. पाटलाच्या मळ्यातली मोट त्याच्याकडं. विहिरीतनं पाण्यानं भरलेली कातड्याची मोट वर यायला लागली, की बैल धावेच्या उतारानं खाली निघायचे आणि भैरू टुणकन उडी मारून ताणलेल्या नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसायचा. बैलांच्या मागं, जमिनीपासून दोन हात वर, झोपाळ्यावर बसल्यासारखा गात खाली जायचा.

तो नाडा वळलेला असायचा सोनबा मांगानं.

सोनबाचं खोपट गावाच्या खाली, नदीच्या अंगाला होतं. घायपाताची पानं कापून आणायची, डोहाच्या कडेला पाण्यात दगडाखाली दाबून कुजवायची, बडवून, धुवून त्यातला पांढरा वाख काढायचा आणि उन्हात वाळवून त्याचे दोर वळायचे, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. बायको सोजरा फिरकी फिरवायची आणि सोनबा वाख सोडत मागं मागं सरकत जायचा. तळहात घट्ट्यांनी भरलेले. वाखाचं पाणी अंगाला खाजायचं, म्हणून दोघं दिवसातनं चारदा नदीत उतरायची. पुढं म्हातारपणी सोनबा ते पाणी आठवायचा. म्हणायचा, "तळातला खडा मोजून घ्यावा आसं पानी व्हतं. हातात धरलं तर हाताच्या रेघा दिसायच्या."

त्या साली शिमग्याच्या आदल्या दिवशी पाटलाच्या घरचं तांब्याचं घंगाळ हरवलं.

मांगवाड्यावरची हजेरी सरकारनं उठवली होती, त्याला तीन वर्षं झाली होती. रोज चावडीवर जाऊन नाव सांगायचं बंद झालं होतं. पण हजेरीचं ते बुक पाटलाच्या डोक्यात अजून उघडंच होतं. काही हरवलं की पहिल्यांदा माणूस खाली मांगवाड्यात यायचा. आताही आला. सोनबाला चावडीपुढं उभं केलं.

"सोन्या, घंगाळ कुठं हाय?"

"मला काय म्हाईत पाटील? म्या तीन दिस डोहावरनं हललो न्हाई."

"तुझा आजा बी आसंच म्हनायचा. धर आंगठे."

सोनबा चाळिशीचा गडी. मिशीत पांढरे केस आलेले. तो वाकला आणि पायाचे अंगठे धरून उन्हात उभा राहिला. पाठीवर दगड ठेवला. माणसं येत होती, जात होती. दुपारी भैरू बैलांना पाणी पाजून परत निघाला होता, तो थांबला. चावडीवर पेंगत असलेल्या माणसाकडं एक नजर टाकून त्यानं आपली घागर कलती केली. सोनबानं एक हात सोडून ओंजळ केली. वरून पडलेलं पाणी तो घटाघटा प्यायला.

दिवस कलल्यावर त्याला सोडून दिलं. आठ दिवसांनी घंगाळ सापडलं. पाटलीणबाईनंच ते माहेरी लग्नाला पाठवलं होतं आणि विसरली होती. ही बातमी गावभर झाली. पाटलानं मात्र तोंडातनं चकार शब्द काढला नाही. उलट दुसऱ्याच दिवशी निरोप आला, मोटेचा नाडा झिजलाय, नवा पाहिजे, ऊस वाळतोय.

सोनबानं नाडा वळला. चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सोजरा धुण्याला गेली होती तेव्हा त्यानं डोहाच्या कडेला फेकलेला, जास्त कुजून काळा पडलेला वाख उचलून आणला. एका पेडात मधोमध हातभर लांबीत तो घातला आणि वरून पांढराशुभ्र वाख गुंडाळला. तीन पेड एकात वळले. बोट फिरवून बघितलं, तर त्याला स्वतःलासुद्धा जागा कळेना. हातातली कला एवढी नामी होती. महिनाभर चालेल, मग तुटेल, असा त्याचा अंदाज. मोट जाईल विहिरीत, पाटलाचे बैल पडतील तोंडावर. बघू मग कोण अंगठे धरतो ते.

नाडा मळ्यात पोचता करून आला, त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली.

सोजरा काही महिन्यांपासून मांगवाड्यातल्या लिंबाखाली ज्योतीराम मास्तरांपुढं बसायची. मास्तर चिंचवडहून दर गुरुवारी आणि रविवारी चालत यायचे. अंगात खाकी कोट, काखेत पुस्तक, पायात टायरच्या वहाणा. तेही मांगाच्याच घरात जन्मलेले, बाप ख्रिस्ती झालेला. बायकांना अक्षरं शिकवायचे, गाणी म्हणायचे आणि येशूच्या गोष्टी सांगायचे. सोनबा लांब बसून दोर वळायचा. कान मात्र तिकडं असायचा.

एका गुरुवारी मास्तर म्हणाले, "माणूस जन्माला येतो तोच पाप घेऊन येतो."

सोनबानं हातातला दोर टाकला. "मास्तर, ह्ये पाटलानं शिकवून धाडलं का तुमास्नी? त्यो बी ह्येच म्हनतो. मांगाचं पोर जलमतंच चोर म्हून. सरकारनं बी बुकात लिवून ठिवलं व्हतं. आता देवाच्या बुकात बी त्येच हाय का?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"सोनबा, म्या तुझ्या एकट्याचं न्हाई सांगत. सगळ्यांचं सांगतोय. माझं बी. पाटलाचं बी."

"पाटलाचं?"

"व्हय. पाटील, मामलेदार, लाटसाहेब. पापाच्या हजेरीतनं कुनाचंच नाव सुटत न्हाई."

सोनबा मोठ्यानं हसला. पाटील जन्माचा पापी, ही गोष्ट त्याला फार आवडली. त्या दिवसापासून तो लिंबाखाली येऊन बसायला लागला. पाटलाच्या पापांची यादी त्याला तोंडपाठ होती. मास्तर जे जे सांगतील ते ते तो मनातल्या मनात पाटलाला लावून बघायचा आणि मान हलवायचा. लोभ म्हटलं की पाटील. गर्व म्हटलं की पाटील. सोजराला वाटायचं, नवरा किती मन लावून ऐकतोय.

पुढं एकदा मास्तर नव्या जन्माचं सांगायला लागले. आईच्या पोटातनं एकदा येतो तो देहाचा जन्म. देव आतनं नवा करतो तो दुसरा.

"म्हंजी आमचं मागलं समदं पुसलं जातं?" सोनबानं विचारलं.

"देव पुसतो. आन तुला आपला म्हनतो. चाकर न्हाई, गडी न्हाई. लेकरू. बापानं पोराचा हात धरावा तसा हात धरतो."

सोनबाचा बाप हजेरीच्या भीतीनं रानोमाळ हिंडत मेला होता. त्यानं कधी सोनबाचा हात धरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"आन भैरूदादा? त्यो बी लेकरू?"

"त्याच्यासाठी बी देवाचं दार उघडंच हाय की. का रं?"

"काय न्हाई," सोनबा म्हणाला.

पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. इतके दिवस त्यानं नाडा तुटताना मनाशी बघितला होता, पण त्यात पाटलाचे बैल होते, पाटलाची मोट होती. नाड्यावर बसलेला माणूस त्यानं कधी बघितलाच नव्हता. आता दुसरं काही दिसेना. सकाळी मळ्यातनं भैरूचं गाणं सुरू झालं की त्याच्या पुढ्यातली भाकरी तशीच राहायची. गाणं मध्येच थांबलं की हातातनं वाख गळायचा. भैरूनं बैलांना हाकारण्यासाठी गाणं थांबवलेलं असायचं, ते पुन्हा सुरू झालं की सोनबाचा श्वास खाली बसायचा. आज जाऊन सांगतो, उद्या जाऊन सांगतो, असं करत वैशाख निम्मा सरला.

बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. सोजरानं दोघांची नावं दिली होती. दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, सोनबा उठला आणि तडक मळ्याकडं निघाला. नाडा मऊ पडलाय, बदलून देतो, एवढंच सांगायचं. बाकी काही बोलायचं कारण नाही, असं त्यानं वाटेत ठरवून टाकलं.

बांधावर पोचला आणि त्याचे पाय जागीच थांबले. मोट वर येत होती. चाकावरनं सरकणाऱ्या नाड्यावर एका जागी वाखाची लव ताठ उभी राहिली होती, मांजराच्या पाठीसारखी. त्यानं कुठंही ओळखली असती ती जागा. भैरू नाड्यावर बसलेला, डोळे मिटून गात होता.

"भैरूदादाऽ! उडी टाक! उडी टाक!"

असा आवाज त्याच्या घशातनं जन्मात निघाला नव्हता. भैरू दचकला आणि अंग टाकून बाजूच्या ढेकळांत पडला. त्याच दमात कडाड करून नाडा तुटला. तुटलेलं टोक सापासारखं उसळून भैरू बसला होता तिथनं सपकन गेलं. मोट विहिरीत आदळली. दोन्ही बैल धावेवर गुडघ्यांवर कोसळले. डाव्या बैलाचं शिंग जमिनीत घुसून मुळातनं मोडलं आणि रक्ताची चिळकांडी उडाली.

माणसं धावली. पाटील धोतराचा सोगा धरत पळत आला. भैरूचं कोपर सोलवटलं होतं, बाकी धडधाकट होता. तो सोनबाकडं बोट करून म्हणाला, "ह्यो वरडला म्हून वाचलो, पाटील. न्हाईतर मानच गेली आसती."

यशवंतराव पाटील सोनबाकडं बघत राहिला. एखाद्या माणसाकडं पहिल्यांदा बघावं तसा. "सोनबा," तो म्हणाला. सोन्या नाही, सोनबा म्हणाला. "आज तू गड्याचा जीव वाचिवलास."

सोनबानं मान खाली घातली. त्याला आनंदानं भरून आलंय असं सगळ्यांना वाटलं.

त्याच दुपारी पाटलाच्या घरनं कोरं धोतर आलं आणि शेरभर गूळ. मांगवाड्यात इतक्या वर्षांत गावातनं कोरं कापड कुणाला आलं नव्हतं. सोजरानं ते धोतर चारदा उलगडून घडी घातलं. "आवं, आयतवारी ह्येच नेसून नदीत उतरा," ती म्हणाली. "देवानंच धाडलं बघा."

सोनबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

रविवारी सकाळी काळेवाडीच्या अंगाला, जिथं नदी वळते तिथं माणसं जमली. पाणी कमरेइतकं होतं. पलीकडच्या काठावर करंजाची सावली पाण्यात पडलेली. मास्तरांनी कोट काढून दगडावर ठेवला आणि जमलेल्यांना आनंदानं सांगायला लागले, परवा आपल्या सोनबानं कसा एक जीव वाचवला.

"मास्तर," सोनबा म्हणाला, "जरा हिकडं या."

त्यानं मास्तरांना माणसांपासून थोडं लांब नेलं आणि सगळं सांगितलं. काळा वाख, तिसरा दिवस, पेडाचा मधला हातभर. मास्तर ऐकत होते, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"देवाला सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज सांगतुया. पन त्यो माज्याकडं नुसता बघतोय."

मास्तर पाण्याकडं बघत राहिले. गावाला हे कळलं तर उद्या लिंबाखाली कुणी बसू देईल का, हे त्यांच्या मनात आलं. आपल्या बापाला ख्रिस्ती झाल्यावर कुणी कसं मारलं होतं तेही आलं. देवानं क्षमा केली, झालं, चल पाण्यात, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण ते म्हणाले, "नाडा पाटलाचा व्हता. मान भैरूची. त्यास्नी सांगाया पायजे, सोनबा. चल, म्या येतो संगट."

"सोजरा?"

"तिला बी कळू दे."

सोजरानं सगळं ऐकून घेतलं. मग घरी गेली आणि धोतराची घडी घेऊन आली. ती नवऱ्याच्या हातात दिली. "जावा," एवढंच म्हणाली.

चावडीवर पाटील पान लावत बसला होता. चार माणसं गप्पा मारत होती. बैलाच्या शिंगाला लावायची हळद उगाळून घेऊन भैरू पायरीशी उभा होता. सोनबानं कोरं धोतर पायरीवर ठेवलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं. आवाज चढवला नाही, रडलाही नाही. कुठल्या पेडात, किती हात, कसला वाख, सगळं धंद्याच्या भाषेत सांगितलं.

पाटलाच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग तो उठला, वहाण काढून हातात घेतली आणि पायऱ्या उतरला.

"मला ठावंच व्हतं. जात जानार कुठं? मांगाची जातच ही!"

"न्हाई पाटील," सोनबा म्हणाला. "जातीनं न्हाई केलं. म्या केलं. सोनबानं. माज्या बापानं बी न्हाई, माज्या आज्यानं बी न्हाई. घंगाळ घेतलं नव्हतं तरी उनात वाकिवलं, त्याचा राग धरून म्या येकट्यानं केलं. मारायचं तर मला मारा. पन बुकात लिवाल तर माजं येकट्याचं नाव लिवा."

घंगाळ म्हटल्याबरोबर चौघांतला एकजण खाकरला आणि दुसरीकडं बघायला लागला. पाटलाचा वर गेलेला हात वरच राहिला.

तेवढ्यात भैरू पुढं आला. हळदीची वाटी त्यानं पायरीवर ठेवली.

"थांबा पाटील. मान माजी जानार व्हती. मारायचं तर म्या मारनार."

त्यानं सोनबाच्या तोंडात एक सणसणीत ठेवून दिली. सोनबाची टोपी उडाली. गालावर हळदीची पाच बोटं उठली. भैरू त्याच्यापुढं धापा टाकत उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलेलं होतं, रागाचं का कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"भैरू, आरं शिवलास की त्याला!" मागनं कुणीतरी म्हणालं.

"शिवलो तर शिवलो. बैलाच्या शिंगाला हळद दुसरी उगाळीन," भैरू म्हणाला आणि मग सोनबाकडं वळला. "नवा नाडा कवा देतूस? ऊस वाळतोय."

पाटलानं वहाण खाली टाकली, पायात घातली आणि घरी निघून गेला. पोलिसांत खबर गेली नाही. धोतर दोन दिवस पायरीवर तसंच पडून होतं म्हणतात, मग कुणी नेलं ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भैरू मांगवाड्यात हजर. "वाख कसला घालतूस ते ह्या डोळ्यांनी बघनार हाय," म्हणाला आणि दगडावर बसला. सोनबानं वाख पुढं टाकला. भैरूनं एकेक जुडी ओढून, दाताखाली धरून बघितली. दुपारपर्यंत बसून बसून तो कंटाळला. सोजराचा हात दुखायला लागला होता. तिनं फिरकी खाली ठेवली, ती त्यानं उचलली.

"अशी न्हवं," सोनबा म्हणाला. "उजवीकडं. हां. सैल सोडू नगा."

तीन दिवस ते दोघं तो नाडा वळत होते. एक फिरकी फिरवतोय, दुसरा वाख सोडत मागं सरकतोय. मध्ये पीळ चढत जाणारा दोर. भैरूच्या हातांना फोड आले. अंग खाजायला लागलं की तोही नदीत उतरायचा, सोनबाच्या वरच्या अंगाला. तिसऱ्या दिवशी मात्र वर-खाली बघायचं तो विसरून गेला.

पुढच्या रविवारी सोनबा आणि सोजरा पाण्यात उतरली. मास्तरांनी सोनबाच्या पाठीखाली हात घातला आणि त्याला पाण्याखाली नेलं. क्षणभर कानांत नुसता नदीचा आवाज होता. वर आला तेव्हा तोंडातनं, नाकातनं पाणी निथळत होतं, आणि तो लहान पोरासारखा ठसकत होता. वाखानं चिरलेले हात पाण्यानं झोंबत होते. त्याला वाटलं होतं, काहीतरी मोठं उजेडासारखं होईल. तसं काही झालं नाही. फक्त बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

पुढं त्या विहिरीवर इंजिन आलं. माळावर भोंगा वाजायला लागला, मळ्यांत घरं उठली, आणि मोटा कुठं गेल्या ते कळलंही नाही. सोनबा खूप म्हातारा होईस्तोवर जगला. लोक त्याला बाप्तिस्म्याचं विचारायचे तर तो नदीचं थोडकंच सांगायचा. सांगायचा तो सोमवार, बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

बैलाची जखम सुकेपर्यंत मोट थांबली होती; त्या सकाळी नवा नाडा मोटेला बांधला होता. सोनबा बांधावरच उभा राहिला होता, धावेवर त्याच्या जातीच्या माणसांनी पाय ठेवायचा नाही म्हणून. एका शिंगाचा बैल जू घेऊन तयार होता. मोट भरली. नाडा ताणला. भैरू बसेना.

"ये हिकडं," तो म्हणाला. "आदी तू बस."

"म्या?"

"तूच. तू वळलास न्हवं? तूच बस."

पाटील पलीकडच्या बांधावर उभा होता. सोनबानं त्याच्याकडं बघितलं. पाटील बघत होता, पण हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. सोनबानं वहाणा काढल्या, धावेवर आला आणि दोन्ही हातांनी धरून नाड्यावर बसला. भैरूनं बैलांना हाक दिली. पाय जमिनीवरनं सुटले. जन्मभर त्यानं नाडे वळले होते, पण नाडा अंगाला कसा लागतो ते त्याला आजच कळत होतं. ताठ, जिवंत, खालून थरथरणारा. बैल उतारानं निघाले, वारा तोंडावर आला, आणि मागं थारोळ्यात पाणी कोसळलं.

"दादा," खाली पोचल्यावर तो म्हणाला, "आजून येकदा बसू का?"